मेरा पीक की आयलंड पीक? पहिलं सहा हजारी शिखर निवडताना

हिमालयातले एक-दोन मोठे ट्रेक झाले की बऱ्याच जणांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आता सहा हजार मीटरच्या वरचं काहीतरी करायचंय, नेपाळला जायचंय, तर मेरा करू की आयलंड? दोन्ही नेपाळच्या ट्रेकिंग पीकच्या (मोठ्या मोहिमेशिवाय चढता येणाऱ्या शिखरांच्या) यादीत आहेत, दोन्हीची सुरुवात लुक्लापासून, दोन्हीला साधारण अडीच आठवडे लागतात आणि हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फाचे खिळे), आइस अ‍ॅक्स दोन्हीकडे लागतातच. माझं मत आधीच सांगते: पाय आणि दम चांगला आहे पण दोराची सवय नाही, तर मेरा. जुमारवर (दोरावर फक्त वरच्या दिशेने सरकणारी पकड) हात बसलेला आहे, तर आयलंड. नुसता उंचीचा आकडा बघून ठरवू नका.

आकड्यात मेरा मोठं आहे, ६,४७६ मीटर, ट्रेकिंग पीकमध्ये सगळ्यात उंच. आयलंडचा आकडा नकाशानुसार ६,१६० ते ६,१८९ मीटरच्या मधे कुठेतरी दिसतो. म्हणजे फरक तीनशे मीटरचा, आणि सहा हजारांच्या वर तीनशे मीटर खूप जाणवतात, मेराच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. पण चढाई अवघड आहे ती आयलंडची.

आधी मेराबद्दल. हे शिखर हिंकू आणि होंकू या दोन खोऱ्यांच्या मधे बसलंय. लुक्लाला विमानातून उतरलं की जवळपास सगळी गर्दी नामचेच्या वाटेला लागते आणि मेराची माणसं वेगळीकडे वळतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच शांतता. कोठे नावाच्या वस्तीपर्यंत जंगल, मग थांगनाग, मग खारे (साधारण ५,०४५ मीटर), तिथपर्यंत लॉज मिळतात. थांगनागच्या आसपास सगळीकडे दगडगोटे आणि वाळू पसरलेली दिसते, ती १९९८ साली वरचं साबाई त्शो हे हिमसरोवर फुटलं तेव्हाची, नदीने पात्र कसं खरवडून काढलंय ते चालताना डोळ्यांना दिसतं. खारेच्या वर मेरा ला ही ५,४१५ मीटरची खिंड, पुढे ५,८०० च्या जवळपास हाय कॅम्प, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला तंबू. तिथून मध्यरात्रीनंतर निघायचं आणि रुंद, कमी उताराच्या ग्लेशियरवर एकमेकांना दोराने बांधून चालत राहायचं, चालत राहायचं. तांत्रिक म्हणावं असं फक्त अगदी शेवटी, माथ्याखालचा छोटा उभा बर्फाचा टप्पा. पण वारा सणसणीत असतो, आणि समिट झाल्यावर त्याच दिवशी खारेपर्यंत उतरायचं म्हणजे चौदाशे मीटर उतार, गुडघे तिथे बोलायला लागतात.

आणि माथ्यावरून जे दिसतं त्याला तोड नाही. हवा स्वच्छ असेल तर एवरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू आणि लांब पूर्वेला कांचनजंगा, आठ हजारी पाच एका नजरेत. एजन्सी कुठल्या माथ्यावर नेणार ते मात्र आधीच विचारून घ्या, मेराला तीन माथे आहेत, ६,४७६ चा उत्तर माथा आणि बरेच ग्रुप जातात तो ६,४६१ चा मधला. १९५३ साली जिमी रॉबर्ट्स आणि सेन तेनझिंग पहिल्यांदा चढले तेही मधल्यावरच.

आयलंडचं सगळं वेगळं. स्थानिक नाव इम्जा त्से, ल्होत्से शारकडून खाली आलेल्या धारेचं हे टोक आणि चारी बाजूंनी ग्लेशियर. १९५३ च्या एवरेस्ट मोहिमेच्या तयारीत तेनझिंग नोर्गे आणि साथीदार यावर चढून आले होते. वाट नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, छुकुंग अशी, म्हणजे दिंगबोचेपर्यंत एवरेस्ट बेस कॅम्पचीच गजबजलेली वाट, लॉज चांगले, फेरिचेला सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना, खुंदेला हिलरींनी १९६६ साली उभं केलेलं हॉस्पिटल. घरचे काळजी करणारे असतील तर हा मुद्दा छोटा नाही. शिवाय आधी बेस कॅम्प आणि काला पत्थर करून आलात तर अ‍ॅक्लमटायझेशन (शरीराला उंचीवरच्या विरळ हवेची सवय) आपोआप होतं.

छुकुंगच्या पुढे साधारण ५,१०० मीटरवर तंबूतला बेस कॅम्प आणि तिथून बहुतेक जण एकाच रात्रीत हजारभर मीटर चढतात. आधी खडक, मग बर्फ सुरू होतो तो क्रॅम्पॉन पॉइंट, क्रिव्हासवर (ग्लेशियरमधल्या खोल भेगांवर) टाकलेल्या शिड्या (किती आणि कुठे ते दरवर्षी बदलतं) आणि मग ती हेडवॉल. शंभरहून जास्त मीटरची उभी बर्फाची भिंत, फिक्स रोपवर (आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर) जुमार सरकवत जायचं. इथे लोक अडकतात ते ताकद कमी पडते म्हणून नाही. प्रत्येक अँकरला (दोर बर्फात पक्का केलेल्या जागी) सेफ्टी कॅराबिनर (हार्नेसला जोडलेली कडी) आधी गाठीच्या पलीकडे लावायचा, मगच जुमार काढून वर लावायचा, आणि हे जाड हातमोजे घालून, अंधारात, मागे रांग लागलेली असताना. ज्याला ते घरच्या दाराची कडी लावल्यासारखं येतं तो वर जातो, ज्याला विचार करावा लागतो तो तिथे गारठतो. हेडवॉलनंतर अरुंद धार, आणि मग माथा, समोर ल्होत्सेची दक्षिण भिंत इतकी जवळ की मान वर करून बघावं लागतं. एवरेस्ट मात्र दिसत नाही, ल्होत्से मधे येतो.

आपल्याकडच्या मंडळींचा यात एक फायदा आहे. लिंगाण्यासारखे सुळके क्लबबरोबर केलेले असतील तर जुमार, रॅपलिंग नवीन नाही, फक्त ते सगळं हातमोजे घालून पुन्हा करून बघा. बर्फ कधीच बघितला नसेल तर उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगचा बेसिक कोर्स आधी करा, बेस कॅम्पवर अर्ध्या दिवसात शिकवतात त्यावर हेडवॉलसाठी विसंबू नका असं मी कळकळीने सांगेन.

मेरा घेणाऱ्यांनी वाट नीट निवडा. लुक्लाहून झत्रवा ला या खिंडीवरून लवकर पोचता येतं म्हणून काही ग्रुप तिथूनच नेतात, पण मग दोन-तीन दिवसांत २,८६० वरून थेट ४,६०० मीटर, शरीराला वेळच मिळत नाही. पांगोमवरून जाणारी खालची वाट लांब आहे, सारखा चढउतार आहे, तरी जाताना तीच घ्या आणि येताना झत्रवा ला करा.

सीझन दोन्हींचा सारखाच, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि गर्दीच्या दिवसांत लुक्लाची विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, तो चार-पाच तासांचा रस्ता प्लॅनमध्ये धरा. एजन्सीला दोन गोष्टी विचाराच: समिटसाठी राखीव दिवस आहे का, आणि एका क्लायंबिंग गाइडमागे माणसं किती. इन्शुरन्समध्ये सहा हजारांवरची चढाई आणि हेलिकॉप्टर दोन्ही लिहिलेलं आहे ना ते वाचून घ्या, मेराच्या बाजूला तर हे जास्तच महत्त्वाचं.

दोन्ही एकाच फेरीत करणारे पण असतात, मेरा करून होंकू खोऱ्यातून अम्फू लाबत्सा ही ५,८४५ मीटरची खिंड ओलांडायची आणि आयलंडच्या बाजूला उतरायचं. नकाशावर फार मोह होतो, पण ती खिंड स्वतःच दोर लावून उतरावी लागते आणि मधल्या खोऱ्यात वस्ती जवळपास नाहीच, त्यामुळे पहिल्या वेळी तरी हे नको.