बुद्धभूमी बस यात्रा: बाकी सगळं बेस, पण लुंबिनीले अर्धाच दिवस?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सिंदेवाहीकडचे बरेच जण या यात्रेबद्दल विचारून राहिले म्हणून एकदाचं लिहून टाकतो. टूरवाल्याचं नाव टाकत नाही, माणूस ओळखीतला आहे आणि खाली दोनचार गोष्टी त्याच्या विरोधात येणार आहेत. दीक्षाभूमीला वंदन करून नागपूरहून गाडी सुटते, सारनाथ, बोधगया, राजगीर, वैशाली, कुशीनगर, मग सोनौली बॉर्डर पार करून नेपाळातली लुंबिनी, आणि येताना श्रावस्ती. ठरलेला रूट आहे, सगळेच टूरवाले हाच फिरवतात.

जेवणाला पैकीच्या पैकी. आचारी सोबतच असतो, जिथं जागा मिळेल तिथं गॅस लावून वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बिनतिखटाचं वेगळं. बिहारात एका जागी पाणी खराब होतं तर त्यानं कोणाला न सांगता स्वतःच बिसलरीचे कॅन आणले. गाडी ठीकठाक, एसी नावाला.

आता बॉर्डर. टूरवाल्यानं नागपुरात सांगितलं की आधार कार्ड चालते, आणि हे साफ चूक आहे राजेहो. नेपाळात जायला व्हिसा लागत नाही पण ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड नाहीतर पासपोर्टच अधिकृतपणे चालतो, आधार फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 च्या वरच्या लोकांना. आमच्या गाडीत निम्म्या लोकांकडं फक्त आधार, त्या मावश्यांचे चेहरे पाहावत नव्हते, कशीबशी गाडी पार झाली. दुसरं म्हणजे पलीकडं गाडीचं भन्सार करावं लागते, म्हणजे त्यांच्या कस्टमची पावती, त्यात गाडी उन्हात उभी. हे काम आदल्या दिवशी माणूस पाठवून करून ठेवता येत असेल तर काहून करत नाहीत माहीत नाही. मोबाईलला रोमिंग नसेल तर नेटवर्क गायब होते, आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढं आहे, त्यामुळं सकाळी निघताना जे भांडण झालं ते त्या पंधरा मिनिटांचंच होतं.

पण खरा विषय लुंबिनीचा. इथं टूरवाल्यानं एक लोकल गाईड दिला होता, तराईतलाच, म्हणजे बॉर्डरकडच्या सपाट भागातला पोरगा, हिंदी आपल्यापेक्षा चांगली, आणि पूर्ण टूरमध्ये पैसे वसूल झाले ते या पोरामुळं. मायादेवी मंदिर, अशोकाचा स्तंभ हे सगळेच दाखवतात. स्तंभावर लिहिलेलं त्यानं समजावून सांगितलं, बुद्ध इथं जन्मले म्हणून अशोकानं लुंबिनी गावाचा एक कर माफ केला आणि पिकातला सरकारचा हिस्सा आठवा केला, तर गाडीतले सगळे कास्तकार एकदम जागे झाले, आमच्याकडं असा खांब कधी लागते म्हणून.

मग त्यानं विहारांच्या भागात नेलं. लुंबिनीचा सगळा नकाशा केंझो टांगे नावाच्या जपानी आर्किटेक्टनं केलेला आहे, 1978 ला मंजूर झाला, मधून सरळ कालवा, एका बाजूला थेरवादी देशांची विहारं, दुसऱ्या बाजूला महायानवाल्यांची, म्हणजे बौद्धांच्या दोन मोठ्या परंपरा दोन काठांवर. थायलंडचं पांढरंशुभ्र, म्यानमारचं सोनेरी, चीनचं राजवाड्यासारखं, त्याच्या समोरच कोरियाचं, जर्मनीवाल्यांचं सुद्धा आहे. आमच्यातल्या एका काकाजीनं विचारलं, "अन आपल्या सरकारचं कोणतं हाय?" गाईड हसला. म्हणाला, काकाजी, तुमच्या सरकारच्या विहाराची पायाभरणी 2022 च्या बुद्धपौर्णिमेला झाली, मोदी स्वतः आले होते, आमचे तेव्हाचे पंतप्रधान देउबा सोबत होते, चीनचं विहार तर कधीचं उभं आहे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर सगळं आपल्याकडं असून आपण एवढ्या उशिरा का आलो हा प्रश्न मला पण पडला.

पण त्याच्या पुढचं ऐका. त्याच दिवशी, 16 मे 2022 ला, लुंबिनीपासून जवळच भैरहव्याचं गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झालं. कर्ज मुख्यतः आशियाई विकास बँकेचं, पण बांधणारी कंपनी चिनी. आणि मोदी आले ते कुशीनगरवरून हेलिकॉप्टरनं, थेट लुंबिनीत उतरले, त्या विमानतळाला पायही लावला नाही. नेपाळात याची तेव्हा खूप चर्चा झाली म्हणे. आता ते विमानतळ बरेचदा रिकामंच असते, कारण विमानांना सोयीचा आकाशातला रस्ता भारतावरून जाते आणि नेपाळ तो कितीतरी वर्षं मागून राहिला. पोखऱ्याचं विमानतळ तर सरळ चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून झालं, 2023 च्या 1 जानेवारीला उघडलं. कर्ज फेडायचं नेपाळनं, आणि परदेशी विमानं तिथंही फारशी येत नाहीत.

रस्त्यांचंही तेच. सोनौलीवरून पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग भारतानं बांधला, पोखऱ्यावरून काठमांडूचा चीनच्या मदतीनं झाला. नेपाळात पूर्व-पश्चिम जाणारा महेंद्र राजमार्ग तर तुकड्यातुकड्यानं, काही भाग भारताचा, काही ब्रिटनचा, काही तेव्हाच्या सोव्हिएत युनियनचा. आमच्या गावात दोन पार्ट्या आहेत, एकानं समाजमंदिर दिलं की दुसरा लगेच नालीचं बांधकाम मंजूर करून आणते, आणि सरपंच दोघांच्याही सत्काराला हजर असते. नेपाळचं मला तसंच वाटलं, फक्त सरपंचाला इथं नाली तरी फुकट भेटते.

चहाच्या टपरीवर थोडी गडबड झाली. आमच्यातले एक गुरुजी मोठ्यानं म्हणाले की बुद्ध तर आपल्या भारताचेच, तर टपरीवाला तापला. ही गोष्ट तिथं फार नाजूक आहे, 2020 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या अशाच एका वाक्यावर नेपाळ सरकारनं हरकत घेतली होती आणि दिल्लीला खुलासा द्यावा लागला की जन्म लुंबिनीतच झाला, यात शंका नाही. तर जाणाऱ्यांनी तोंड सांभाळून बोलावं ही विनंती. मग तो टपरीवाला 2015 चं सांगत बसला. एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरात नवीन संविधान, आणि लगेच बॉर्डरवर ट्रक अडले ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. पेट्रोल नाही, सिलिंडर नाही, लाकडावर चहा. भारत सरकार म्हणते आम्ही अडवलं नाही, मधेशी, म्हणजे तराईतल्या आंदोलकांनी रस्ता धरला होता. त्याला हे बिलकुल पटलेलं नाही. त्यानंतर मार्च 2016 मध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओलींनी बीजिंगला जाऊन चीनची बंदरं वापरायचा करार केला, पण मी त्याला विचारलं की माल कुठून येते आता, तर म्हणते कोलकात्यावरूनच, हिमालय चढून कोण आणणार. आणि पेट्रोल? तेही भारतातूनच, 2019 पासून बिहारातल्या मोतीहारीवरून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत 69 किलोमीटरची पाइपलाइनच आहे.

विजेचं ऐकून मी चंद्रपूरवाला म्हणून कान टवकारले. 2024 च्या जानेवारीत करार झाला, भारत दहा वर्षांत नेपाळकडून 10,000 मेगावॅटपर्यंत वीज घेणार, पण ज्या प्रकल्पात चीनचा पैसा किंवा कंपनी आहे त्याची वीज भारत घेत नाही. म्हणजे नदी नेपाळची, पाणी नेपाळचं, आणि धरण कोणाकडून बांधून घ्यायचं हे गिऱ्हाईक ठरवणार. आम्ही इथं राख खाऊन वीज दुसरीकडं पाठवतो, आम्हाला तर कोणी विचारतही नाही, ते सोडा.

1956 ला नागपूर-चंद्रपूरच्या दीक्षेनंतर बाबासाहेब नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, हे गाडीत कितीतरी पोरांना माहीत नव्हतं. गाईडला माहीत होतं. टूरवाल्यानं हे स्वतः सांगायला पाहिजे होतं, गाडीत रात्रभर पिक्चर लावण्यापेक्षा.

एवढं सगळं असताना लुंबिनीला फक्त अर्धा दिवस! पूर्वेकडची विहारं अर्धी राहिली, जपान्यांचा शांतिस्तूप लांबून पाहिला, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. श्रावस्तीला जो वेळ दिला त्यातला थोडा काढून इथं एक मुक्काम द्यायला काय जाते? तिथं थायलंडवाल्या, श्रीलंकावाल्या लोकांच्या टोळ्या निवांत बसून होत्या आणि आम्ही पळत.

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला एक पूर्ण आचाऱ्याचा आणि एक गाईडचा. बुक करायच्या आधी टूरवाल्याला तीन गोष्टी तोंडावर विचारा, लुंबिनीत रात्रीचा मुक्काम आहे का, तोच गाईड भेटेल का, आणि भन्सारचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का, कारण आमच्याकडून ते वेगळे मागितले. मतदार कार्ड ओरिजिनल न्या. शंभरच्या नोटा भरपूर ठेवा, 2018 च्या शेवटी नेपाळनं त्याच्यावरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या तेव्हापासून दुकानदार पाचशेची नोट पाहून मान हलवतात, आणि हिशेब सोपा आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160. मागच्या चाकावरची सीट मात्र कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.