फ्रिजची तक्रार, गोड मराठी आणि गेलेले 68 हजार

गेल्या एप्रिलात माझ्या खात्यातून 68,298 रुपये गेले. भिशीचे पैसे होते. आईंच्या (माझ्या सासूबाईंच्या) मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लागतील म्हणून भिशी शेवटपर्यंत उचलली नव्हती. उचलली आणि खात्यात ठेवली, त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. लाजेपायी मी हे कुणाला सांगितलं नाही. परवा आमच्या यांच्या वर्कशॉपातला एकजण जवळजवळ तसाच फसणार होता असं कळलं, तेव्हा गप्प बसवेना.

आमचा फ्रिज तीन वर्षांचा. मोठ्या कंपनीचा, बेळगावातल्या दुकानातून घेतलेला. बिल जपून ठेवलंय, कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी. पाडवा झाला आणि एके दिवशी आत दिवा लागतोय, पण गार काही होईना. आई इन्सुलिन घेतात. न उघडलेल्या इन्सुलिनला दोन ते आठ अंश थंडावा लागतो आणि बेळगावजवळच्या आमच्या खानापुरातसुद्धा एप्रिलात पत्रे तापलेले असतात. शेजारच्या अक्कांनी त्यांच्या फ्रिजचा एक कप्पा आम्हाला मोकळा करून दिला, म्हणून निभावलं.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला की कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठी नाहीच. माझं कन्नड बाजारहाटापुरतं. कॉम्प्रेसर चालू होतो का, मागची जाळी तापते का, हे कन्नडात सांगणं मला जमत नाही. हिंदी दाबलं. वीस मिनिटं तेच संगीत, मग एक मुलगी आली, तक्रार क्रमांक दिला, 48 तासांत माणूस येईल म्हणाली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आमचा तंत्रज्ञ येऊन गेला, ग्राहक घरी नव्हते. मी त्या दिवशी सकाळपासून अंगणात सांडगे घालत होते. फाटक माझ्या डोळ्यांसमोर होतं. कोणी आलं नव्हतं.

पुन्हा फोन, पुन्हा नवा क्रमांक. पाचव्या दिवशी मेसेज, तुमची तक्रार सोडवली आहे. यांनी अर्धा दिवस सुट्टी काढली आणि उद्यमबागेतल्या वर्कशॉपातून सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथला माणूस म्हणाला, खानापूरला आठवड्यातनं एकदाच गाडी जाते, पार्ट हुबळीहून यायचाय, तुम्ही हेल्पलाइनलाच बोला. हेल्पलाइन म्हणे सेंटरला विचारा. ईमेल केला तर आपोआप येणारं उत्तर आलं, त्यात माझं नावसुद्धा चुकीचं. असे सतरा दिवस गेले. मी चिडले होते त्यापेक्षा थकले जास्त होते, आणि त्या रात्री जे घडलं ते या थकव्यामुळेच घडलं असं मला आता वाटतं.

रात्री साडेनऊला मोबाईलवर कंपनीचं नाव, पुढे कस्टमर केअर बेळगाव असं टाकून शोधलं. सगळ्यात वर एक नंबर आला. वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे भरून दिलेली जाहिरात, ते मी पाहिलंच नाही. नंबर साध्या मोबाईलचा, दहा आकडी. तिथेच थांबायला हवं होतं.

पहिल्याच रिंगला फोन उचलला. हिंदीत बोलत होता. मी विचारलं, "मराठी येतं काय कुणाला?" "होल्ड करा ताई," म्हणाला आणि दुसरा आला. "बोला ताई, काय त्रास झालाय?" सतरा दिवसांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, आणि तेही माझ्या भाषेत. मी सगळं सांगत सुटले. तक्रार क्रमांक, मॉडेल, कधी घेतला, आईंचं इन्सुलिन, सेंटरवाला काय म्हणाला ते. तो मध्येमध्ये "हो ताई, दिसतंय मला" म्हणत होता. मग त्यानं तक्रार क्रमांक वाचून दाखवला. मला वाटलं, याच्यासमोर माझी फाईल उघडी आहे. प्रत्यक्षात मीच दोन मिनिटांपूर्वी सांगितलेला क्रमांक तो मला परत ऐकवत होता.

"उद्या सकाळी दहाला सीनियर इंजिनिअर पाठवतो, फक्त दहा रुपयांचं टोकन लागेल." व्हॉट्सॲपवर एक फाईल आली, तिच्यावर कंपनीचं चिन्ह. फोननं सांगितलं की हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे. तो म्हणाला, "कंपनीचंच आहे ताई, अलाऊ करा." ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग फॉर्म आला, दहा रुपये भरायला एटीएम कार्डाचे सोळा आकडे, मुदत आणि मागचे तीन आकडे. मी भरले. "सर्व्हर स्लो आहे, उद्या इंजिनिअरकडेच द्या दहा रुपये," म्हणाला. त्यामुळे पैसे गेल्याची शंकाही आली नाही. मी आईंना सांगितलं, उद्या होईल हो फ्रिज. त्या रात्री मला शांत झोप लागली.

ते ॲप माझे मेसेज त्यांच्याकडे पाठवत होतं, म्हणजे बँकेचा ओटीपी मला कुणी विचारायची गरजच उरली नव्हती. रात्री 24,999 दोनदा गेले. उरलेले 18,300 सकाळी नऊ चाळीसला. त्या वेळी मी इंजिनिअर येणार म्हणून फ्रिजमागची जागा झाडून काढत होते.

साडेअकरापर्यंत कोणी आलं नाही. फोन बंद. तेव्हा पोटात गोळा आला. मेसेज उघडून पाहिले आणि खालीच बसले. अक्कांच्या मुलीनं फोन हातातून घेतला, नेट बंद केलं आणि दुसऱ्या फोनवरून 1930 लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. पलीकडचे साहेब कन्नडात बोलत होते, अक्कांनी सगळं नीट सांगितलं. मग बँकेला कळवून कार्ड बंद केलं. दुपारी बेळगावच्या सीईएन (सायबर गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली. शेवटचे 18,300 एका वॉलेटमध्ये अडकवून ठेवता आले. रात्रीचे दोन्ही व्यवहार तोवर तीन खात्यांतून पुढे गेले होते. मी रात्रीच मेसेज पाहिले असते तर कदाचित तेही अडले असते. अडकलेले पैसे तेव्हा कोर्टाच्या आदेशानं मिळायचे. अर्ज दिलाय, अजून हातात आलेले नाहीत.

बँकेत मला 6 जुलै 2017 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक दाखवलं. त्यात असं होतं की ग्राहकानं स्वतः माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लिहून घ्या, पोच घ्या. मी घेतली, पण माझं सगळं त्याआधीच गेलं होतं.

कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, तो नंबर आमचा नाही, आम्ही जबाबदार नाही. नंबर तुमचा नाही हे मलाही मान्य. पण तुमचा नंबर सतरा दिवस नीट उचलला गेला असता तर मी दुसरा शोधलाच नसता, हे त्यांना मी लिहून पाठवलंय. त्यावर उत्तर नाही.

फ्रिज शेवटी कसा झाला तेही सांगते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे मराठी मिळते. बिलाचा फोटो आणि दोन्ही तक्रार क्रमांक दिले. चौथ्या दिवशी कंपनीचा फोन आपणहून आला, सहाव्या दिवशी माणूस आला, फ्रिजमधलं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बदललं, अर्ध्या तासात गेला. तेवढ्यानं भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावात, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही.

कंपनीचा नंबर बिलावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा वस्तूवरच्या स्टिकरवरून घ्या. नकाशावर दुकानाखाली दिसणारा नंबरही कोणी बदललेला असू शकतो. तक्रार नोंदवायला रुपयासुद्धा मागितला तर फोन ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेलं ॲप टाकू नका. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना हे बसून, हळू सांगा. आमच्या आईंना मी तीनदा सांगितलं.

तो फसवा नंबर मी संचार साथी या सरकारी पोर्टलवर, फसवे फोन कळवायच्या 'चक्षू' या सोयीत कळवला आणि ती जाहिरात काढली गेली. यांच्या वर्कशॉपातल्या त्या गृहस्थांचं वॉशिंग मशीन बंद पडलं होतं. त्यांनी मोबाईल दाखवला तेव्हा मी पाहिलं. तीच जाहिरात, तेच चिन्ह, सगळ्यात वर. नंबर तेवढा नवा.