स्टेट पेन्शन फोरकास्ट : सेवा उत्तम, पण आकडे नीट वाचा

ब्रिटनमध्ये पगारातून नॅशनल इन्शुरन्स (एनआय) दरमहा कापला जातो, पण त्यातून सरकारी पेन्शनची, म्हणजे स्टेट पेन्शनची, किती वर्षं पदरात पडली हे पेस्लिपवर कुठेच दिसत नाही. ते कळतं सरकारी संकेतस्थळावरच्या 'चेक युअर स्टेट पेन्शन फोरकास्ट' या मोफत सेवेत किंवा एचएमआरसीच्या (तिथल्या करखात्याच्या) ॲपवर. सेवा मनापासून शिफारस करावी अशी आहे. मात्र पहिल्याच पानावर बरेच जण फसतात.

तिथे ठळक अक्षरांत आठवड्याची एक रक्कम असते. ती आजवरची कमाई नव्हे. पेन्शनच्या वयापर्यंत एनआय भरत राहिलात तर मिळेल ती. त्याखाली 'अमुक सालच्या ५ एप्रिलपर्यंतच्या नोंदीनुसार' अशी दुसरी, लहान रक्कम येते. खरी जमा ती. भारतात परतायचा विचार असेल तर हिशोब याच आकड्यावर करा.

२०२५-२६ मध्ये पूर्ण नवी स्टेट पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. २०१६ च्या एप्रिलनंतर एनआय सुरू झालेल्यांना त्यासाठी ३५ वर्षं लागतात आणि काहीही मिळण्यासाठी किमान १०. नऊ वर्षांवर शून्य. दहा झाली की पहिल्यापासूनच्या प्रत्येक वर्षाचे, याच दराने, आठवड्याला सुमारे ६.५८, म्हणजे वर्षाला ३४२ पौंड.

आता एनआय रेकॉर्डचं पान उघडा. प्रत्येक वर्षापुढे 'फुल' किंवा 'इयर इज नॉट फुल' असं लिहिलेलं असतं. अपुऱ्या वर्षाचा तपशील उघडला की ते भरायला किती पैसे लागतील आणि शेवटची तारीख कोणती, हे दिसतं. इथे घाई नको. क्लास ३ चा, म्हणजे स्वेच्छेने भरायच्या एनआयचा, २०२५-२६ चा दर आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे त्या दराने अख्खं वर्ष ९२३ पौंडांना पडतं. पण एखाद्या वर्षात तीनच आठवडे कमी असतील तर ५३.२५ पौंडांत ते पूर्ण होतं आणि त्याचे तेवढेच ३४२ पौंड दरवर्षी मिळतात. म्हणून आधी अशी स्वस्त वर्षं भरा. साधारणपणे मागची सहाच करवर्षं भरता येतात. २००६ पासूनची जुनी वर्षं भरण्याची सवलत ५ एप्रिल २०२५ ला संपली.

गॅप, म्हणजे अपुरं वर्ष, का पडतो, हे सेवा सांगत नाही, आणि तिची ही मोठी उणीव आहे. दोन छोट्या नोकऱ्या असतील आणि प्रत्येकीत आठवड्याचा पगार (२०२५-२६ च्या मर्यादेनुसार) १२५ पौंडांच्या आत असेल, तर दोन्हींची बेरीज धरली जात नाही. वर्ष कोरं राहतं. उलट चांगल्या पगारावर वर्षात दोन-तीन महिनेच काम केलं तरी ते वर्ष पूर्ण भरू शकतं, कारण हिशोब वर्षाच्या पात्र कमाईवर होतो. घरी राहून मुलं सांभाळणाऱ्या आईचा किंवा वडिलांचा गॅप बहुधा चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) अर्ज न केल्यामुळे असतो. जोडीदाराचा पगार जास्त म्हणून भत्त्याचे पैसे नको असतील, तरी अर्ज त्याच्याच नावाने भरावा ज्याची नोकरी बंद आहे; मूल १२ वर्षांचं होईपर्यंत एनआयचं क्रेडिट फुकट मिळतं, म्हणजे ते वर्ष भरलेलं धरलं जातं. फुकट मिळणारं वर्ष विकत घेऊ नका.

पैसे भरण्याआधी सरकारच्या फ्यूचर पेन्शन सेंटरला फोन करून एकच प्रश्न विचारा : हे वर्ष भरल्याने माझी पेन्शन वाढेल का? २०१६ पूर्वीची वर्षं असलेल्यांनी तर नक्कीच विचारावं. पुढच्या नोकरीतच कमाल रक्कम गाठली जाणार असेल तर भरलेले पैसे वाया जातात, आणि ते सहसा परत मिळत नाहीत. बँकेतून भरत असाल तर १८ अंकी संदर्भ क्रमांक तपासून टाका. एक अंक चुकला की पैसे भलतीकडे अडकतात.

पुण्याला किंवा नाशिकला परतलेल्यांसाठी सेवा तोकडी पडते. ओळख पटवायला ब्रिटिश पासपोर्ट, पी-६० (मालकाने दिलेला वर्षाच्या पगार-कराचा दाखला) किंवा ताजी पेस्लिप मागतात, म्हणून लॉगिन ब्रिटनमधून निघण्यापूर्वीच तयार करा आणि सगळे पी-६० जपून ठेवा. ब्रिटनबाहेरच्या काळासाठी एनआय भरायला सीएफ८३ हा वेगळा अर्ज लागतो. त्यातला स्वस्त क्लास २ चा मार्ग ६ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी बंद, आणि क्लास ३ साठी नव्या अर्जदाराला ब्रिटनमधलं दहा वर्षांचं वास्तव्य किंवा तेवढं एनआय दाखवावं लागतं. शिवाय भारतात राहणाऱ्यांची पेन्शन सुरू होते त्या रकमेवरच गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. ९२३ पौंड किती वर्षांत वसूल होतील, हे मांडताना तेही धरा.