मुंबईच्या दमट हवेत पोलवर पकड टिकवायची तर: चार ग्रिप उत्पादनांची पारख

पोल डान्ससाठी मिळणारी ग्रिपची उत्पादनं बहुतेक परदेशातून येतात, आणि तिथल्या लोकांनी केलेल्या शिफारशी इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. अंगावरचा घाम वाळतच नाही. त्यामुळे कुठली बाटली चांगली हे ठरवण्याआधी आपला हात नेमका कशामुळे सुटतो, हे ओळखायला हवं.

त्याची परीक्षा सोपी आहे. पुसलेला पोल मुठीत घट्ट धरा आणि दहा सेकंदांनी हात काढा. धातूवर ओले ठसे उमटले आणि थोड्या वेळात उडून गेले, तर कारण घाम. ठसे तसेच राहिले आणि बोट फिरवल्यावर फरकटले, तर ते तेल किंवा लोशन. ठसाच नाही आणि तरीही हात सरकतो, तर त्वचा कोरडी पडली आहे. एसी जोरात चालणाऱ्या स्टुडिओत हे तिसरं कारण पुष्कळदा निघतं, आणि त्यावर चॉक (घाम शोषणारी पांढरी पूड) लावलं की हात आणखी सुटतो. त्वचा किंचित ओलसर, मऊ आणि उबदार असतानाच धातूला धरते.

लिक्विड चॉक. मुंबईत एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. मॅग्नेशियम कार्बोनेट अल्कोहोलमध्ये कालवलेलं असतं. अल्कोहोल उडतं आणि तळहातावर पातळ पांढरा थर राहतो. दोन्ही हातांना मिळून मटारच्या दाण्याएवढं पुरतं. बोटांच्या पेरांपर्यंत चोळायचं, हात उघडे धरून पूर्ण वाळू द्यायचे, मग जास्तीची पूड झटकायची. नवशिके इथेच चुकतात: जास्त ओततात आणि अर्धवट वाळलं असताना पोल धरतात. जाड थर त्वचा आणि धातू यांच्या मधे भुकटीसारखा फिरतो, म्हणजे ज्यासाठी लावलं त्याच्या उलटच होतं. गिर्यारोहण आणि जिमच्या सामानात हे सहज मिळतं, पण घेताना घटक वाचा. राळ, म्हणजे लेबलवर रोझिन किंवा कोलोफोनी, असेल तर पोलवर चिकट थर बसतो आणि पुढच्या विद्यार्थिनीला त्रास होतो. शिवाय राळेची ॲलर्जी असणारे लोक बरेच असतात. राळ नसलेलंच घ्या. सुटी चॉक पूड मात्र बंद एसी खोलीत नको. ती हवेत तरंगत राहते आणि सगळ्यांच्या नाकात जाते.

ड्राय हँड्स. पातळ लोशन, छोटी बाटली. चॉकसारखी पूड मागे ठेवत नाही, म्हणून पोल स्वच्छ राहतो आणि काळ्या कपड्यांवर पांढरे हात उमटत नाहीत. मध्यम घाम येणाऱ्यांसाठी उत्तम. तळहातातून घामाचे थेंब गळतात अशांना मात्र वर्गाच्या मध्यावर पुन्हा लावावं लागतं. तेव्हा आधीच्या थरावर नवा थर चढवू नका. हात धुऊन, पुसून, मग लावा. आयात माल असल्यामुळे किंमत बाटलीच्या मानाने चढी वाटते, पण दोन-तीन थेंबांत काम होतं.

आयटॅक 2. ही ऑस्ट्रेलियातून येणारी, मधमाशांच्या मेणावर आधारलेली पेस्ट, साधी आणि जास्त कडक अशा दोन ताकदींत. गुणी वस्तू आहे, पण लोक ती चुकीच्या जागी वापरतात. तिची खरी जागा मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची खाच आणि कमरेची बाजू. बोटाच्या टोकावर जेमतेम येईल एवढी घ्या, बोटांत गरम करा आणि कोरड्या त्वचेवर थापटत पसरवा. पाय अडकवून उलटं लटकायच्या प्रकारांत हिने खूप आधार मिळतो. तळहाताला लावून स्थिर, म्हणजे स्वतः न फिरणाऱ्या पोलवर गिरकी घ्यायला गेलात, तर हात जागेवरच चिकटतो, अंग फिरत राहतं, आणि सगळा पीळ मनगट व खांद्यावर येतो. गिरक्यांच्या दिवशी तळहाताला मेण अजिबात नको. घामावर लावली तर ती त्वचेला धरतच नाही, पोलला मात्र चिकटते. म्हणून आधी अंग पुसा. वापरल्यावर पोल पुसून देणं ही किमान सभ्यता.

ड्यू पॉइंट. कोरड्या त्वचेला किंचित ओलावा देण्यासाठी. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी किंवा फार गार स्टुडिओत नडग्या आणि मांड्या सरकतात तेव्हा उपयोगी. जुलैत विकत घेऊ नका.

आता बाटलीपेक्षा जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टी. वर्गाच्या आदल्या दिवसापासून अंगाला लोशन नको. केसांना खोबरेल तेल लावून चंपी केली असेल, तर ते मानेवर उतरतं, तिथून हातावर येतं आणि पोलवर जातं. वर्गाच्या दिवशी टाळा. मल्लखांबातून इकडे येणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात किंवा कुठेही लाकडी खांबाला एरंडेल चोळायची रीत आहे, आणि लाकडावर ती योग्यच आहे. धातूच्या पोलवर तेच एरंडेल धोक्याचं. आधी साबणाने हात-पाय स्वच्छ धुवा.

हाताला फार घाम येत असेल तर तुरटी स्वस्त आणि बरी. रात्री ओला खडा तळहातावर फिरवा, सकाळी धुवा. फरक माफकच पडतो. त्याहून प्रभावी म्हणजे 20 टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेटचं लोशन. ते रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावतात आणि सकाळी धुतात. आधी काही रात्री सलग, घाम आटोक्यात आला की आठवड्यातून एक-दोनदा. नुकत्याच दाढी किंवा वॅक्स केलेल्या जागी लावलं तर चांगलीच आग होते. त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

पोल पुसायला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबर कापड. केमिस्टकडे मिळतं, जास्त हवं असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला. पोलवर न फवारता कापडावर घ्या आणि वरून खाली पुसा. हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते धातूवर निसरडा थर सोडतं. पावडर कोटेड, म्हणजे वरून रंगाचा थर दिलेला पोल असेल तर अल्कोहोल लावण्याआधी उत्पादकाची सूचना वाचा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. बाहेर 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर हवेतली वाफ साधारण 25 अंशांच्या पृष्ठभागावर जमू लागते. एसीने पोल 22 अंशांवर आणला आणि कोणी दार उघडं ठेवलं, की पोलवर दव धरतं. मग कितीही चॉक लावा, हात सुटणारच. दार लावा, पोल पुसा आणि कोरड्या कापडाने जोरात घासून गरम करा.

घरासाठी पोल घ्यायचा विचार असेल तर जाडी 45 मिलिमीटर आणि धातू पितळ. दमट हवेत पितळ क्रोमपेक्षा जास्त धरतं. ते काळपटतं खरं, पण म्हणून भांड्यांच्या पावडरीने घासू नका, बारीक ओरखडे पडतात. क्रोमच्या मुलाम्याखाली निकेल असतं. खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ उठत असेल तर स्टेनलेस स्टील बघा.

मेणाची डबी मे महिन्यात लोकलच्या गर्दीतून नेताना मऊ पडते, म्हणून झाकण घट्ट लावून झिपच्या पिशवीत उभी ठेवा. लिक्विड चॉकचं टोपण सैल राहिलं तर अल्कोहोल उडून आत चॉकचा घट्ट गोळा होतो. थोडं आयसोप्रोपिल टाकून खळखळून हलवलं की ते पुन्हा पातळ होतं.