ईप्लॅनमधील टर्मिनल स्ट्रिपचा क्रम: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात विजेची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांचे बरेचसे काम जिल्ह्यातील साखर कारखाने आणि कापड उद्योग यांच्यासाठी चालते, आणि दोन्हीकडे पॅनेलच्या ड्रॉइंगची खरी परीक्षा होते ती टर्मिनलपाशी, म्हणजे तारा जिथे येऊन जोडल्या जातात त्या ठोकळ्यांपाशी; अशा टर्मिनलची रांग म्हणजे टर्मिनल स्ट्रिप. गेले काही महिने आमची सर्व ड्रॉइंग ईप्लॅन इलेक्ट्रिक पी८ या विद्युत ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. त्यापूर्वी साध्या कॅडमध्ये टर्मिनल म्हणजे केवळ एक वर्तुळ असे आणि टर्मिनलचा तक्ता एक्सेलमध्ये हाताने भरला जाई. येथे मी संपूर्ण सॉफ्टवेअरविषयी नव्हे, तर स्ट्रिपवरील टर्मिनलचा क्रम ठरवण्याच्या सोयीविषयीच लिहीत आहे.

सर्किटमध्ये एकाच स्ट्रिपची टर्मिनल अनेक पानांवर विखुरलेली असतात. पॅनेलमधील रेलवर (टर्मिनल बसवण्याच्या धातूच्या पट्टीवर) मात्र ती एका रांगेत बसतात. ही रांग लावण्याचे अनेक मार्ग स्ट्रिप संपादनाच्या खिडकीत मिळतात. अंकांनुसार लावल्यास १, २, १० असा क्रम येतो. अक्षर-अंकांनुसार लावल्यास १, १०, २ असा येतो, आणि हा फरक माहीत नसलेला नवा ड्राफ्ट्समन हमखास गोंधळतो. पानांच्या क्रमाने, केबलनुसार किंवा बाहेरील जोडणीनुसारही रांग लावता येते. बाहेरून मल्टिकोअर केबल येणाऱ्या स्ट्रिपसाठी मला केबलनुसार लावणेच सर्वांत उपयोगी वाटले, कारण एका ग्लँडमधून (केबल पॅनेलमध्ये शिरते त्या तोंडातून) आलेले कोअर, म्हणजे केबलमधील सुट्या तारा, शेजारीशेजारी बसतात आणि डक्टमध्ये तारांची गुंतवळ होत नाही.

परंतु या सोयीचे खरे मोल वेगळ्याच गोष्टीत आहे. टर्मिनलचे नाव आणि त्याची रेलवरील जागा या दोन बाबी येथे स्वतंत्र ठेवलेल्या आहेत. खिडकीत एखादे टर्मिनल वर-खाली सरकवले की त्याचा सॉर्ट कोड, म्हणजे रांगेतील जागेचा क्रमांक, बदलतो; नाव तसेच राहते. गाळप हंगाम तोंडावर आलेला असताना केन कॅरिअरसाठी (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्यासाठी) आणखी एक लिमिट स्विच हवा, असा निरोप येणे आमच्या धंद्यात नवीन नाही. अशा वेळी १४ नंतर १४अ हे टर्मिनल घालून ते नेमके १४ च्या शेजारी बसवता येते आणि पुढच्या एकाही टर्मिनलचा क्रमांक बदलत नाही. साइटवर फेरूल (तारांच्या टोकांवरील क्रमांकाच्या नळ्या) चढवून झालेल्या असतील, तर याचा अर्थ काय होतो हे वायरमनला समजावून सांगावे लागत नाही! मात्र हाताने लावलेल्या रांगेवर कोणी पुन्हा अंकांनुसार लावण्याची आज्ञा दिली, तर ती मेहनत पुसली जाते. म्हणून आमच्याकडे स्ट्रिपची रांग एकाच व्यक्तीने बदलायची, असा दंडक घातला आहे.

अर्थिंगच्या टर्मिनलमध्ये हे वेगळेपण विशेष जाणवते. एका स्ट्रिपवर पीई (अर्थिंगची खूण) या एकाच नावाची अनेक टर्मिनल असू शकतात. समान नावांना परवानगी देण्याची सोय आहे, पण नाव सारखेच असल्यामुळे नावावरून त्यांची जागा ठरूच शकत नाही. प्रत्येक मोटरच्या तीन फेजनंतर तिचे हिरवे-पिवळे टर्मिनल हवे असेल, तर ते सॉर्ट कोडनेच साधते.

क्रमाचा परिणाम जंपरवरही, म्हणजे टर्मिनल आपसांत जोडणाऱ्या दुव्यांवरही, होतो, आणि ही बाब सुरुवातीला सहज निसटते. ड्रॉइंगमध्ये दोन टर्मिनल एकमेकांना जोडलेली असली, तरी साधी तयार शॉर्टिंग लिंक (टर्मिनल जोडणारी धातूची पट्टी) बसायची तर ती रेलवर शेजारी असावी लागतात. मध्ये दुसरे टर्मिनल आले की तेथे सहसा तारेचा जंपर घेण्याची वेळ येते. २४ व्होल्टच्या पुरवठ्याची टर्मिनल सलग ठेवली आहेत का, हे पाहिल्याशिवाय मी आता लिंकची ऑर्डर देत नाही.

दुमजली टर्मिनलसाठी मजले एकत्र बांधण्याची आज्ञा आहे. ती नीट चालते, पण दोन मजल्यांवर काय काय जोडायचे याचा विचार सर्किट काढतानाच केलेला बरा. स्पेअर टर्मिनल सर्किटमध्ये न काढता थेट नॅव्हिगेटरमधून (सॉफ्टवेअरमधील टर्मिनलच्या यादीतून) तयार करता येतात, आणि एंड क्लॅम्प (रांगेच्या टोकाची पकड) व पार्टिशन प्लेट (टर्मिनलमधील पडदी) याच रांगेत योग्य जागी घालता येतात, त्यामुळे खरेदीच्या यादीत ते सुटत नाहीत. जुन्या पद्धतीत नेमक्या याच किरकोळ वस्तू ऐनवेळी बाजारातून आणाव्या लागत.

शेवटी टर्मिनल डायग्रामविषयी, म्हणजे स्ट्रिपवरील जोडण्या रांगेने दाखवणाऱ्या तक्त्याविषयी. तो प्रकल्पातील माहितीवरून तयार होणारा अहवाल असल्यामुळे रांग बदलल्यावर अहवाल अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी लागते. ती न देता काढलेली प्रिंट दिसायला निर्दोष असते आणि रांग मात्र जुनी दाखवते. म्हणून वर्कशॉपमध्ये जाणाऱ्या प्रत्येक प्रिंटवर आम्ही आवृत्ती क्रमांकासोबत अहवाल काढल्याची तारीखही छापतो, आणि जुनी प्रिंट परत घेतल्याशिवाय वायरमनच्या हातात नवी देत नाही.