अंगकोर वाटची सहल : पैसे कुठे आणि कसे काढले जातात

कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये, म्हणजे अंगकोर वाटच्या देवळांजवळच्या शहरात, टुकटुकवाला (तिथला रिक्षावाला) दोन-पाच डॉलर जास्त घेतो, एवढंच बहुतेक जण परत आल्यावर सांगतात. मोठी रक्कम मात्र निघण्याआधीच गेलेली असते, तीही घरबसल्या आणि अस्सल मराठीत गोड बोलून.

ठाण्यातल्या एका कुटुंबाला मिळालेलं कोटेशन बघा. नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा. त्यातली एक ओळ अशी : ‘अंगकोर मंदिर समूह, दोन दिवसांचा पास, माणशी ८० डॉलर, चौघांचे ३२०’. पास विकणारी अधिकृत संस्था एकच, अंगकोर एंटरप्राइझ. तिच्याकडे पास तीनच प्रकारचे : एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२. फेब्रुवारी २०१७ पासून हेच दर आहेत. दोन दिवसांचा पास नावाची चीजच नाही. दोन दिवस फिरायचं तर एकेका दिवसाचे दोन पास ७४ डॉलरला पडतात, म्हणून तीन दिवसांचाच घ्यायचा. बारा वर्षांखालच्या मुलाला पास लागत नाही, फक्त पासपोर्ट दाखवावा लागतो. हिशेब झाला तीन पासांचा, १८६ डॉलर. उरलेले १३४ कुणाच्या खिशात गेले ते सांगायला नको.

याहून वाईट प्रकार म्हणजे पैसे दोन दिवसांचे घ्यायचे आणि हातात ३७ चा पास ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ‘आज देवळात फार गर्दी आहे’ म्हणत गाडी रेशमाच्या कारखान्याकडे वळते. तिथे ड्रायव्हरचं कमिशन ठरलेलं असतं. पासवर तुमचा फोटो असतो आणि दिवसांची संख्या स्पष्ट लिहिलेली असते. तो हातात पडला की तिथल्या तिथे वाचा. तीन दिवसांचा पास लागोपाठच्या तीन दिवसांना वापरायची सक्ती नाही, दहा दिवसांत कधीही तीन दिवस चालतात. ‘आज नाही गेलात तर एक दिवस फुकट गेला’ ही घाई खोटी असते. हॉटेलच्या लॉबीत कुणी अर्धा वापरलेला पास स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. नाक्यावर चेहरा ताडून बघतात आणि दुसऱ्याचा पास तिथे चालत नाही.

पास आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर काढला तर तो दुसऱ्या दिवसापासून मोजतात आणि त्याच संध्याकाळचा सूर्यास्त जास्तीचा मिळतो. खिडकी साडेपाचला बंद होते. पास पहाटे काढायचा ठरवला तर पाच वाजता तिथे रांग, आणि रांगेतून सुटेपर्यंत अंगकोर वाटमागचं आकाश उजाडलेलं. सूर्यास्तासाठी फ्नोम बाखेंगच्या टेकडीवर एका वेळी ३०० माणसांनाच वर सोडतात. साडेपाचला पायथ्याशी आणून सोडणारा एजंट सूर्यास्ताचे पैसे घेतो आणि माणसांच्या पाठी दाखवतो.

‘सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट’ लिहिलेलं असलं तरी देवळांची नावं मागा. बेंग मेलिया हे लांबचं देऊळ आता अंगकोरच्या पासातच येतं, त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर ओळ खोडायला सांगा. को केरची देवळं आणि फ्नोम कुलेनचा डोंगर यांची तिकिटं मात्र खरोखर वेगळी आहेत. तिथे उलटा खेळ होतो : जाहिरातीत कुलेनच्या धबधब्याचा फोटो, आणि तिकिटाचे पैसे घाटाखाली पोचल्यावर.

व्हिसाची फसवणूक फोनवरच उरकते. शोध घेतला की सगळ्यात वर जाहिरात म्हणून दिसणाऱ्या साइट हुबेहूब सरकारी वाटतात, राष्ट्रचिन्हासकट, आणि दुप्पट-तिप्पट रक्कम घेतात. खऱ्या साइटचा पत्ता ‘गव्ह डॉट केएच’ने संपतो. मधे-पुढे ‘कंबोडिया’, ‘ऑनलाइन’, ‘ऑफिशियल’ असे शब्द जोडून शेवटी ‘डॉट कॉम’ आलं की समजा दुकान आहे. विमानतळावर मिळणाऱ्या पर्यटक व्हिसाचा दर ३० डॉलर आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून विमानाने येणाऱ्यांना ई-अरायव्हल नावाचा फॉर्मही भरावा लागतो. तो उतरण्याआधीच्या सात दिवसांत भरायचा आणि तो पूर्ण फुकट आहे. त्यासाठी कुणी ‘प्रोसेसिंग’ मागत असेल तर तो फुकटच्या कागदाचे पैसे मागतोय.

विमानतळाची गंमत वेगळीच. शहराला लागून असलेला जुना विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला आणि नवा शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सुरू झाला. त्याचा कोड ‘एसएआय’. जुन्या माहितीपत्रकांत अजून ‘विमानतळापासून १५ मिनिटं’ असंच छापून येतं. ही ओळ दिसली तर पिकअप समाविष्ट आहे का, हे लेखी विचारा. रस्ता तासाभराचा आहे आणि टॅक्सीला जाताना-येताना चांगलेच पैसे पडतात. ते कोटेशनमध्ये नसले की स्वस्त दिसणारं पॅकेज तिथेच महाग होतं.

टुकटुक ठरवताना रक्कम अख्ख्या गाडीची, अख्ख्या दिवसाची आणि कुठल्या फेरीची हे तिन्ही बोलून घ्या आणि फोनवर आकडा लिहून दाखवा. ‘पंधरा’ ठरवून संध्याकाळी ‘माणशी पंधरा’ होणं ही तिथली जुनीच युक्ती. छोट्या फेरीत अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम ही देवळं येतात. मोठीत प्रेआह खान, नेआक पेआन, ता सोम, प्रे रुप. बांते स्रेई या दोन्हींत नाही, लांब आहे, त्याचे जास्तीचे पैसे रास्तच असतात. पहाटे साडेचारला निघायचं असेल तर तेही आधीच सांगा. पैसे दिवस संपल्यावर द्या. शहरात ग्रॅब किंवा पासॲप या गाडी बोलवायच्या ॲपवर भाडं आधी दिसतं, त्यामुळे घासाघीस वाचते. एवढं म्हणायला हवं की बहुतेक चालक सरळ आहेत. चांगला भेटला तर तीनही दिवस त्यालाच सांगा.

देवळात अंधाऱ्या गाभाऱ्यापाशी कुणी हातात उदबत्ती ठेवतं, मनगटाला लाल दोरा बांधतं आणि मग पाच-दहा डॉलर मागतं. आपल्या माणसांना इथे नाही म्हणणं जड जातं, देवाचं काम वाटतं. पण हात मागे ठेवला की विषय संपतो. खऱ्या गाईडकडे परवान्याचा बिल्ला आणि गणवेश असतो. न विचारता मागे मागे चालत माहिती सांगणारा नंतर शाळेसाठी देणगी मागतो.

शहरात रात्री तान्हं बाळ कडेवर घेतलेली बाई किंवा मुलगी म्हणते, पैसे नकोत, फक्त दुधाची पावडर घेऊन द्या. दुकानही तीच दाखवते. डबा वीसेक डॉलरचा. तुमची पाठ वळली की सीलबंद डबा दुकानात परत जातो आणि पैसे वाटून घेतले जातात. तोनले साप तलावावर हेच तांदळाच्या पोत्याने होतं : होडी मध्येच तरंगत्या दुकानाला लागते, अनाथ मुलांसाठी पोतं घ्या म्हणतात, पोत्याला पन्नास-साठ डॉलर. पोतं उतरतं आणि पुढच्या होडीसाठी परत तिथेच येतं. अनाथाश्रमाच्या भेटी तर घेऊच नका. तिथल्या पुष्कळ मुलांचे आईबाप जिवंत असतात आणि पाहुण्यांच्या देणगीसाठीच मुलं तिथे ठेवली जातात. मदत करायचीच तर नोंदणीकृत संस्थेला द्या. तलावाच्या सहलीबाबत आणखी एक : मार्च ते मे पाणी खूप खाली जातं, कंपोंग फ्लुक या तलावावरच्या गावात खांबांवरची घरं कोरड्या चिखलात उभी दिसतात. माहितीपत्रकातला तुडुंब फोटो सप्टेंबर-नोव्हेंबरचा असतो.

डॉलरच्या नोटेला नखभर फाट असली तरी तिथे कुणी घेत नाही, म्हणून अशा नोटा पर्यटकांना सुट्ट्यांत खपवल्या जातात. सुटे उलगडून बघा, मगच खिशात घाला. डॉलरला साधारण ४,००० रिएल (तिथलं चलन). म्हणजे दीड डॉलर परत यायचे असतील तर ६,००० रिएल मिळायला हवेत.

आता इथला एजंट. रक्कम कंपनीच्या चालू खात्यात भरा, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून नाव जुळतं का बघा. विमानाचा पीएनआर दाखवला म्हणून निर्धास्त होऊ नका, नुसतं रोखून ठेवलेलं बुकिंगही पीएनआर देतं. तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक मागा. हॉटेलला स्वतः ईमेल करून तुमच्या नावाने खोली आहे का विचारा. परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापला जाणारा आयकर, घेतो. तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसला नाही, तर भरला का ते एजंटाला विचारा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, उशीर झाला की रक्कम खात्यांतून पुढे सरकते. कार्डाने दिले असतील तर बँकेकडे लेखी हरकत नोंदवा. सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली नाही अशी तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्या वेळी कोटेशन, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि अंगकोरच्या पासाचा दिवसांची संख्या दिसेल असा फोटो, एवढं जोडा. पास फेकून देऊ नका.