स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट: उत्तर संपलं तरी गप्प बसणारा मुलाखतकार

हॅना-बार्बेरा या अमेरिकन कार्टून कंपनीच्या १९६६च्या मालिकेतला अंतराळातला सुपरहिरो स्पेस घोस्ट कार्टून नेटवर्कने १९९४ मध्ये मुलाखतकाराच्या खुर्चीत बसवला. वाद्यवृंदावर झोरॅक, म्हणजे माणसाएवढा खंडोबाचा किडा; दिग्दर्शनाला मोल्टर. दोघेही जुन्या मालिकेतले खलनायक, आता नायकाच्या कैदेत राबणारे. पाहुणे मात्र हाडामासाचे, छतातून खाली येणाऱ्या पडद्यावर दिसणारे.

पैसे बेताचे, म्हणून जुन्या आकृत्या कापून त्याच त्या हालचाली फिरवून वापरल्या. पाहुण्याचं चित्रण आधी व्हायचं. मग उत्तरांची कापाकापी करून त्यांच्या आधी भलतेच प्रश्न चिकटवले जायचे. पाहुणा मनापासून बोलतोय आणि मुलाखतकाराचं लक्षच नाही, ही सगळी गंमत संकलनाच्या टेबलावर जन्मलेली.

पण मालिका आजही टिकून आहे ती थांब्यांमुळे. उत्तर संपतं, पुढचा संवाद यायला हवा, आणि स्पेस घोस्ट नुसता बघत राहतो. चित्र जवळपास गोठलेलं, त्यामुळे सगळा भार आवाजावर. स्पेस घोस्टचा आवाज असलेले जॉर्ज लो भारदस्त निवेदकाच्या सुरात शुद्ध मूर्खपणा बोलतात, एकदाही न हसता. झोरॅक आणि मोल्टर दोन्ही सी. मार्टिन क्रोकर यांच्या आवाजातले, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

सबटायटल्स शक्यतो बंद ठेवा. ओळ बोलण्याआधीच वाचली गेली की थांबा फुकट जातो. एका बैठकीत दोन भाग पुरे. भाग छोटे असतात म्हणून सलग पाच-सहा पाहिले तर त्याच हालचाली विनोदी वाटायच्या बंद होतात, नुसत्या कंटाळवाण्या उरतात. सॉनी शॅरॉक यांच्या गिटारचं शीर्षकसंगीत मात्र पुढे ढकलू नका.

'फायर अँट' हा गाजलेला भाग पहिल्यांदा बघू नये. अमेरिकन टीव्ही मुलाखतकार कॉनन ओब्रायन यांची मुलाखत अर्धवट टाकून नायक एका मुंगीमागे चालू लागतो आणि जवळपास दहा मिनिटं चालतच राहतो. नेहमीचा साचा अंगवळणी पडलेला नसेल तर तो मोडल्याची मजा येणार कुठून?

नव्वदच्या दशकातले अर्धे अमेरिकन पाहुणे आपल्याला अनोळखी. त्याने फारसं बिघडत नाही; अपमान होतोय एवढं कळलं की झालं. खरी खोट नंतरच्या भागांत आहे. तिथे मुलाखत नावापुरती उरते, काही वेळा निव्वळ गोंधळ. अर्थात याच गोंधळातून पुढे 'अ‍ॅक्वा टीन हंगर फोर्स' ही कार्टून मालिका निघाली, त्यामुळे अगदीच वगळूही नयेत.